वेळापत्रक आणि वाढदिवस : बालवाडीतील मुलांसाठी थोडा विचार



शाळेच्या वार्तापत्रात दहावीच्या निकालाला, स्नेहसंमेलनाला, क्रीडास्पर्धांना जागा मिळते. सर्वांत लहान मुलांच्या वाट्याला मात्र एखादा फोटो येतो. या वेळी बालवाडीतल्या मुलांविषयी थोडे सविस्तर लिहावे असे ठरवले आहे. विषय साधा आहे : बालवाडीचे घट्ट बांधलेले वेळापत्रक आणि त्यात मुलाच्या वाढदिवसाला जागा किती?

या प्रश्नावर तीन प्रकारची मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात, "आमच्या लेकराचा वाढदिवस शाळेत दणक्यात झाला पाहिजे, इंग्रजी शाळेत होतो तसा." काही शिक्षिका म्हणतात, "रोज कुणाचा तरी वाढदिवस. मग शिकवायचे कधी?" आणि व्यवस्थापनाला काळजी असते ती शिस्तीची, खर्चाची आणि तक्रारींची. तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. या सगळ्यांत मूल काय म्हणते, ते मात्र कुणी विचारलेले नसते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

लहान मुलाला वाढदिवस म्हणजे काय वाटते?

आपल्याला ठाऊक असते की वय रोज वाढते आणि वाढदिवस ही त्याची केवळ खूण आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नसते. स्वित्झर्लंडचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या काळाविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला. लहान मुले वय आणि उंची यांची गल्लत करतात, असे त्यांना आढळले. जो उंच तो मोठा. आजी आईपेक्षा ठेंगणी असेल, तर आजी वयानेही लहान असावी, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

वाढदिवसाविषयी तर याहून मजेशीर गोष्ट आहे. इस्रायलमधील क्लाविर आणि लायसर या अभ्यासकांनी २००२ मध्ये, आणि अमेरिकेतील वूली आणि ऱ्होड्स यांनी २०१७ मध्ये लहान मुलांना वाढदिवसाविषयी प्रश्न विचारून अभ्यास प्रसिद्ध केले. दुसऱ्या अभ्यासात मुलांना गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाचा वाढदिवस आला पण समारंभ झालाच नाही, आणि दुसऱ्याचा समारंभ दोनदा झाला. तर आता ते किती वर्षांचे झाले? तीन-चार वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या मनात समारंभ आणि वय वाढणे यांचा थेट संबंध असतो, असे दिसून आले. समारंभ झाला नाही तर वय वाढले नाही! पाच वर्षांच्या आसपास ही समजूत मागे पडू लागते.

आता विचार करा. ज्या वयात मुलाला वाटते की वाढदिवस केला म्हणजेच आपण मोठे होतो, नेमक्या त्याच वयात आपण त्याला म्हणतो, "आज वेळ नाही, पुढचा तास सुरू झाला." मोठ्या माणसाच्या दृष्टीने दहा मिनिटांचा प्रश्न असतो. मुलाच्या दृष्टीने आपण चार वर्षांचे झालो की नाही, हा प्रश्न असतो. वर्गातल्या पाच जणांचे वाढदिवस झाले आणि सहाव्याचा झाला नाही, तर त्या सहाव्याला केवळ खाऊ मिळाला नाही एवढ्यापुरते ते राहत नाही. बाकीचे मोठे झाले आणि आपण मागे राहिलो, असे त्याला वाटू शकते. हे बोलून दाखवण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात. ते फक्त गप्प बसते किंवा रडते, आणि आपण म्हणतो, हट्टी आहे.

घड्याळाचा काटा आणि मुलाचा दिवस

बालवाडीचे वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी मोठ्या वर्गांच्या वेळापत्रकाची छोटी नक्कल असते. वीस मिनिटे गाणी, वीस मिनिटे अंकओळख, वीस मिनिटे अक्षरे गिरवणे, घंटा, डबा, पुन्हा घंटा. मणी ओवण्यात रंगलेल्या मुलाच्या हातातून दोरा काढून घेतला जातो, कारण वेळ संपली. पालकांना वही भरलेली दिसते आणि शाळा शिस्तीची वाटते.

पण ज्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला त्यांची कल्पना अशी नव्हती. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याचा अर्थच मुळी 'मुलांची बाग'. बागेत झाडांना वेळेवर पाणी घालावे लागते हे खरे, पण सगळ्या झाडांना एकाच दिवशी फूल यावे असे कोणी माळी म्हणत नाही.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालकांचे घर' उघडले. त्यांना आढळले की लहान मूल चंचल असते ही समजूत अपुरी आहे. आवडीचे काम हाती असेल आणि मध्ये कोणी व्यत्यय आणला नाही, तर ते कितीतरी वेळ एकाग्र राहते. म्हणून माँटेसरी पद्धतीच्या शाळांत सकाळचा सुमारे तीन तासांचा सलग वेळ मुलांच्या कामासाठी मोकळा ठेवतात. दर वीस मिनिटांना घंटा वाजवण्याच्या नेमकी उलट ही रीत आहे.

आपल्या देशात हे काम भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी पुढे नेले. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या मायेमुळे लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणत. त्यांच्या जोडीला गेल्या मुंबईच्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि मराठी मुलुखात बालशिक्षणाचा प्रसार सुरू झाला. पुढे ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

कोसबाडला आलेली अडचण आपल्याकडच्या अडचणीसारखीच होती. मुले शाळेच्या वेळेवर येत नसत. कोणी गुरे राखायला जाई, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. ताराबाई आणि अनुताई यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. आज आपल्या जिल्ह्यातल्या गोंडी, तेलुगू, लंबाडी बोलणाऱ्या घरांतही तो रोजच्या वापरात आहे.

आपल्या आदिलाबादच्या मातीतही असेच एक उदाहरण आहे. निजामाच्या राजवटीत १९४३ मध्ये हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे (आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात) गोंड मुलांच्या शिक्षणासाठी शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले. तिथे गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मुलाला शाळेची भाषा येत नसेल तर शाळेने मुलाची भाषा शिकावी, हा विचार ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या शेजारी झालेला आहे. वेळापत्रकाचेही तसेच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, गोष्टी, गाणी, संवाद यांतूनच शिकवावे असा आग्रह धरला आहे. म्हणजे फ्रोबेलपासून कोसबाडपर्यंत जे सांगितले गेले, तेच आज सरकारी कागदावरही आले आहे.

मग वेळापत्रक नकोच का?

असा अर्थ कोणी काढू नये. लहान मुलांना दिवसाचा क्रम हवा असतो. आल्यावर चपला ओळीत ठेवायच्या, मग परिपाठ, मग मोकळे काम, मग हात धुऊन डबा, मग गोष्ट, मग आई येणार. हा क्रम पाठ झाला की मुलाला सुरक्षित वाटते. चार वर्षांच्या मुलाला "बारा वाजता आई येईल" हे कळत नाही. "गोष्ट झाली की आई येईल" हे कळते.

तेव्हा क्रम पक्का असावा आणि मिनिटे सैल असावीत, हे सूत्र लक्षात ठेवले तर बराचसा वाद मिटतो. वाढदिवसालाही त्या क्रमात कायमची जागा द्यावी. ती जागा ठरलेली असेल तर वाढदिवस म्हणजे व्यत्यय राहत नाही. उलट आज कामाच्या मध्येच केक आला, उद्या सुटताना फाटकाशी चॉकलेटे वाटली, परवा बाई नाहीत म्हणून राहून गेले, असे झाले तर वर्गाचाही विचका होतो आणि मुलाचाही हिरमोड होतो. शिक्षिकांची तक्रार या अव्यवस्थेविषयी असेल, तर ती रास्त आहे.

वेळेचा हिशेबही एकदा मांडून पाहू. समजा वर्गात २५ मुले आहेत आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला २० मिनिटे दिली. वर्षभरात ५०० मिनिटे, म्हणजे ८ तास २० मिनिटे झाली. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. बालवाडीला तो नियम लागू नाही, पण तुलनेपुरता धरला तरी हा वेळ शंभरात एक भागाच्या आसपास येतो. आणि त्या वेळात मुले मोजतात, बोलतात, ऐकतात, दुसऱ्याच्या आनंदात सामील होतात. याला वाया गेलेला वेळ म्हणता येणार नाही.

वाढदिवसातले काटे

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शाळेत वाढदिवस साजरे होऊ लागले की काही गोष्टी हळूहळू वाढत जातात.

पहिली गोष्ट बरोबरीची. एका घरून चॉकलेटे येतात, दुसऱ्या घरून केक, तिसऱ्या घरून प्रत्येक मुलाला कंपासपेटी. पन्नास रुपयांची भेटवस्तू २५ मुलांना द्यायची तर साडेबाराशे रुपये होतात. कापूस वेचणीला रोजाने जाणाऱ्या घरची ती कित्येक दिवसांची मजुरी आहे. मग ती आई त्या दिवशी मुलाला शाळेतच पाठवत नाही. बरोबरीच्या शर्यतीत हरलेले मूल आपल्या वाढदिवशी घरी बसते, आणि हजेरीपटावर फक्त गैरहजेरीची खूण राहते.

दुसरी गोष्ट सुट्टीतल्या वाढदिवसांची. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे शाळा बंद असते. त्या काळात जन्मलेल्यांचा वाढदिवस शाळेत कधीच येत नाही. गंमत अशी की खुद्द ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिलचा आणि फ्रोबेल यांचा २१ एप्रिलचा. वर्षअखेरच्या गडबडीत या दोघांचे वाढदिवसही आपल्या शाळांत राहूनच गेले असते.

तिसरी गोष्ट आरोग्याची. केकवरच्या मेणबत्त्या फुंकताना थुंकीचे कण केकवर उडतात, हे सांगायला नको. कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. चार-पाच वर्षांच्या आतील मुलांना ती देऊच नयेत. काही मुलांना शेंगदाणा, अंडे किंवा दूध चालत नाही. फार साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. जे फाटकाबाहेर विकायला मनाई आहे, ते वर्गात वाटणे शोभणारे नाही.

चौथी गोष्ट नाजूक आहे. काही घरांत वाढदिवस करण्याची रीत नसते, काहींच्या धर्मभावनेत ते बसत नाही, काहींच्या घरी नुकतेच दुःख झालेले असते. अशा मुलावर समारंभ लादणे म्हणजे वेळापत्रकाचा अट्टहास सोडून दुसरा अट्टहास धरण्यासारखे आहे. पालकांना आधी विचारावे आणि त्यांचे ऐकावे.

आपली रीत आणि जगाची रीत

वाढदिवस म्हणजे केक, ही समजूत आपल्याकडे अलीकडची. मराठी घरात वाढदिवसाला पाटावर बसवून औक्षण करतात. ताम्हनात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. आपल्या रीतीत दिवा लावतात आणि ओवाळतात. फुंकून विझवत नाहीत. एवढी एक गोष्ट मुलांना सांगितली तरी पुरे. मात्र औक्षण ही घरची रीत आहे आणि वर्गात सर्व प्रकारच्या घरांतली मुले असतात. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी फूल आणि टाळ्या आहेतच.

माँटेसरी शाळांत एक सुंदर पद्धत रूढ आहे. मुले गोल करून बसतात. मध्ये सूर्य म्हणून मेणबत्ती किंवा दिवा ठेवतात. ज्याचा वाढदिवस असेल ते मूल हातात पृथ्वीचा छोटा गोल घेऊन दिव्याभोवती फिरते. चार वर्षे झाली असतील तर चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला त्या वर्षातली एखादी गोष्ट सांगतात : "पहिल्या वर्षी हा रांगायला लागला. दुसऱ्या वर्षी 'माय' म्हणाला. तिसऱ्या वर्षी पोळ्याला बैलाच्या शिंगांना हात लावला." यात खर्च काहीच नाही. मुलाला कळते की आपण केकमुळे नाही, पृथ्वी सूर्याभोवती फिरली म्हणून मोठे झालो. वर उल्लेखलेल्या गैरसमजावर याहून सोपा धडा दुसरा नाही.

सरकारी शाळांच्या पोषण आहार योजनेतही एक चांगली प्रथा आली आहे. गुजरातेत 'तिथिभोजन' या नावाने ती सुरू झाली. वाढदिवस, लग्न अशा प्रसंगी गावातले लोक शाळेतल्या सर्व मुलांना गोड जेवण किंवा फळे देतात. महाराष्ट्रात तिला 'स्नेहभोजन' म्हणतात, राजस्थानात 'उत्सवभोज', हिमाचलात 'धाम'. आपला आनंद म्हणून सगळ्यांचे जेवण गोड करायचे, ही कल्पना भेटवस्तूंच्या शर्यतीपेक्षा कितीतरी चांगली आहे.

शाळेने दिलेला वाढदिवस

या विषयाची एक जुनी आणि थोडी हसू आणणारी बाजू आहे. आपल्या आजी-आजोबांच्या कागदपत्रांवर जन्मतारीख पाहा. कित्येकांची १ जून, १ जुलै किंवा १ जानेवारी असेल. हे सगळे खरोखर एकाच दिवशी जन्मले का? नाही. घरी जन्माची नोंद नव्हती. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला", "पोलीस ॲक्शनच्या साली झाली", "पैनगंगेला मोठा पूर आला होता तेव्हा", अशी ती नोंद होती. पोराला शाळेत घालायला नेले की गुरुजी अंदाजाने वय धरीत आणि शाळेच्या सोयीची तारीख रजिस्टरात लिहीत. शाळा उघडण्याचा महिना जून, म्हणून १ जून! पुढे नोकरी, निवृत्तिवेतन, आधारकार्ड सगळीकडे तीच तारीख चालली.

त्या काळी जन्मनोंदणी अपुरी होती. गुरुजींनी केले ते मुलाला शाळेत घेता यावे म्हणूनच केले, त्यांना नाव ठेवण्याचे कारण नाही. पण शाळेच्या वेळापत्रकाने एका पिढीचा जन्मदिवसच ठरवून टाकला, हेही खरे. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद देशभर बंधनकारक झाली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच आधार धरला जातो. आता प्रत्येक मुलाला स्वतःची खरी तारीख आहे. ती शाळेच्या रजिस्टरात तर आहेच, शाळेच्या दिवसातही तिला जागा असावी, एवढेच मागणे आहे.

काय करता येईल?

विचारासाठी काही सूचना पुढे देत आहोत. पालकसभेत त्यांवर चर्चा व्हावी.

१. परिपाठ संपल्यावर लगेचची १५ ते २० मिनिटे वाढदिवसाची जागा ठरवावी. ज्या दिवशी वाढदिवस नसेल त्या दिवशी त्याच वेळात गोष्ट किंवा गप्पा. म्हणजे दिवसाचा क्रम बदलणार नाही.

२. रविवार किंवा सणाच्या सुट्टीतला वाढदिवस पुढच्या कामाच्या दिवशी करावा. उन्हाळी सुट्टीतल्या मुलांचा 'अर्धा वाढदिवस' करावा. मे महिन्यातल्या मुलाचा नोव्हेंबरात. "आज मी साडेचार वर्षांचा" हे मुलांना फार आवडते.

३. सूर्याभोवतीच्या फेऱ्या सर्वांसाठी सारख्या. दिवा शिक्षिकेच्या हाताजवळ, मुलांपासून दूर, किंवा दिव्याऐवजी पिवळ्या कागदाचा सूर्य.

४. खाऊ एकच आणि साधा : केळे, शिरा, राजगिऱ्याचा मऊ लाडू किंवा हंगामातले फळ. सीताफळाच्या दिवसांत बिया काढून गर. ज्या घराला जमणार नाही तिथे शाळेने स्वतःच्या डब्यातून द्यावा, आणि कोणाचा खाऊ कुठून आला हे वर्गात सांगू नये.

५. भेटवस्तू वाटू नयेत. ज्यांना काही द्यायची इच्छा असेल त्यांनी वर्गासाठी एक गोष्टीचे पुस्तक द्यावे. मराठी बालपुस्तके आपल्याकडे सहज मिळत नाहीत. दहा वर्षांत हीच एक मोठी पुंजी होईल.

६. नवे कपडे घालून आले तर रागवू नये, आणि गणवेशातच आले तर विचारू नये.

७. वेचणीच्या दिवसांत आईवडिलांना सकाळीच शेतावर जावे लागते. त्यांना वेळ नसेल तर आजी-आजोबांनी यावे, किंवा मोठ्या वर्गातल्या भावाबहिणीला वीस मिनिटे सोडावे. प्रत्येक वर्षाची एक गोष्ट पालकांकडून आधीच विचारून ठेवावी.

८. प्रवेशाच्या वेळीच पालकांना तीन गोष्टी विचाराव्यात : वाढदिवस करावा का, औक्षण चालेल का, आणि मुलाला कोणता पदार्थ चालत नाही.

९. वर्गाच्या भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा. त्यात प्रत्येक मुलाचे नाव असावे. ज्यांच्या घरी वाढदिवस करत नाहीत, त्यांचेही नाव जन्ममहिन्यात असावे, पालकांना चालत असेल तर.

विश्वस्त मंडळासाठी एक शब्द. आज आपल्या भागातील पालक मुलांना मराठी शाळेत घालताना दहादा विचार करतात. तेलुगू राज्यभाषा, इंग्रजी नोकरीची भाषा, मग मराठी कशाला, हा प्रश्न घरोघर आहे. त्याला उत्तर म्हणून आपणही बालवाडीत लवकर लिहायला लावले, तासाला तास जोडले आणि केक आणला, तर आपण दुसऱ्यांची फिकी नक्कल ठरू. आपल्या बालवाडीत मुलाला नावाने ओळखतात, त्याच्या घरची बोली समजते, त्याच्या आजीला वर्गात बसता येते, हे पालकांना दिसले तर तेच आपले बळ आहे. याला इमारत निधी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी

मोठ्या वर्गातल्या मुलामुलींनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

• तुम्ही आजपर्यंत किती दिवस जगलात ते मोजा. चार वर्षांच्या मुलाचे दिवस १४६१ होतात. त्यात लीप वर्षाचा एक दिवस कुठून आला ते सांगा.

• पृथ्वी सूर्याभोवतीच्या एका फेरीत सुमारे ९४ कोटी किलोमीटर चालते. तुमच्या वयाने गुणा. एवढा प्रवास तुम्ही जागेवर बसून केलात!

• तिथीने आणि तारखेने येणारा वाढदिवस वेगवेगळा का येतो? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिक महिना घालून ते जुळवून घेतात. साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. घरातल्या पंचांगावरून पडताळून पाहा.

• दक्षिण कोरियात पूर्वी सगळ्यांचे वय १ जानेवारीला एकदमच एका वर्षाने वाढवून मोजत. जून २०२३ मध्ये कायद्याने सरकारी व्यवहारांत प्रत्येकाच्या जन्मदिवसावरून वय मोजण्याची रीत ठरली. यांतली कोणती पद्धत तुम्हाला बरी वाटते? कारण द्या.

• आजी-आजोबांना त्यांच्या जन्माची खरी आठवण विचारा. कोणता सण होता, कोणते पीक उभे होते, कोण सांगत असे? पाच-सहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. रजिस्टरातली तारीख एक आणि खरा दिवस दुसरा असेल, तर तोही लिहा. निवडक आठवणी पुढील अंकात घेता येतील.

• मधल्या सुट्टीत बालवाडीत जाऊन बारा महिन्यांचा तक्ता तयार करायला मदत करा. नावे ठळक आणि शुद्ध लिहा. लहान मुलांना वाचता येत नसले तरी आपले नाव कुठे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

पालकांनी या सूचनांवरील आपली मते, सहमती असो वा हरकत, वर्गशिक्षिकेकडे लेखी किंवा तोंडी द्यावीत. ज्यांना सभेला येणे जमत नाही त्यांनी मुलाला पोचवायला येताना दोन मिनिटे थांबून सांगितले तरी चालेल. पहिला तक्ता पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी भिंतीवर लावावा, असा विचार आहे. त्यापूर्वी आपल्या मुलाची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात बरोबर लिहिली आहे की नाही, एवढे कृपया प्रत्येकाने पाहून घ्यावे.